लख्ख टाकी, झिजते पर: आर्वी तालुक्यातल्या एका गोल्डफिश टाकीचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं कापूस-तुरीचं गाव. रस्त्याला लागून किराणा दुकान, मागे घर. दुकानात गल्ल्याशेजारी काचेची टाकी, २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. वरून चार बोटं सोडून भरली की ४५ लिटरच्या आसपास पाणी बसतं. मुलगा दहावी पास झाला म्हणून जूनमध्ये नागपूरहून ४ गोल्डफिश आणले होते: डोक्यावर लाल टोपी असलेला ओरांडा, बटबटीत डोळ्यांचा काळा मूर, दुहेरी शेपटीचा नारिंगी फँटेल आणि सडपातळ, चपळ कॉमेट. श्रावण अर्धा सरेपर्यंत ओरांडाची शेपटी निम्म्यावर आली होती आणि मूर तळाशी बसून राहिला होता.

मी शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्या शेतकऱ्यांसोबत काम करतो. शोभेच्या माशांबद्दल फोन येतात ते बहुतेक पावसाळ्यात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं औषध टाकू? गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, कार्प जातीचा मासा. शेततळ्यातल्या माशाचे पर झिजायला लागले की आम्ही आधी पाणी बघतो. तोच मासा काचेच्या टाकीत आला की लोक फक्त मासा बघतात, कारण पाणी स्वच्छ दिसत असतं. इथे तर ते इतकं नितळ होतं की टाकीमागच्या कॅलेंडरवरच्या तिथी आरपार वाचता येत होत्या.

काय दिसत होतं

ओरांडाच्या शेपटीची कड दातेरी झाली होती. मोबाईलचा कॅमेरा काचेला लावून मोठं करून पाहिलं तर कडेला दुधाळ पांढरी रेघ, तिच्यामागे पराच्या काड्या उघड्या पडलेल्या आणि दोन काड्यांमधला पातळ पडदा विरून गेलेला. फँटेलला नुकती सुरुवात होती, शेपटीच्या एका टोकाला पांढुरकी झाक, बाकी मासा खातापिता. मूरचं मात्र पुढे गेलं होतं. शेपटी बुंध्यापर्यंत खाल्ली गेलेली, बुंध्याशी रक्ताच्या बारीक लाल रेघा, पोटाच्या बाजूला खवले गळून पडलेली एक तांबूस जागा. पर अंगाशी मिटून तो कोपऱ्यात होता आणि दाणा नाकासमोरून गेला तरी तोंड उघडत नव्हता.

मुलाने फँटेलच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे ठिपके दाखवले. त्याला तो दुसराच रोग वाटत होता. ते ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर, ओळीने होते. हे नराचं लक्षण आहे. विणीच्या दिवसांत नर गोल्डफिशला ते येतातच. पांढऱ्या ठिपक्यांचा जो खरा रोग, त्यात साखर भुरभुरल्यासारखे दाणे अंगभर आणि शेपटीवरही दिसतात, आणि मासा अंग घासत फिरतो. तसं काही नव्हतं. बुरशीही नव्हती, बुरशी असती तर कापसाचे पुंजके चिकटलेले दिसले असते. दुसऱ्या माशाने चावून पर फाटला तर फाट सरळ असते आणि कडेला पांढरी रेघ नसते. तेव्हा हा फिन रॉटच, म्हणजे जिवाणूंमुळे पर सडणं, याबद्दल शंका उरली नाही.

पण हे निदान अर्धंच. एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लेवोबॅक्टेरियम ही जी मंडळी पर सडवतात, ती बाहेरून चाल करून आलेली नसतात. कोणत्याही टाकीत, तळ्यात, नदीत ती असतातच. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तोवर त्यांचं काही चालत नाही. त्यामुळे जंतू कोणता, यापेक्षा माशाची ताकद कशाने खचली, हे शोधणं जास्त गरजेचं होतं.

आधी काय काय टाकून झालं होतं

टाकीची सगळी देखभाल मुलाच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे. त्यांनी सांगितलेलं जवळजवळ तसंच देतो. "भाऊ, मी दर रविवारी धुते ना. सगळं पाणी फेकते, गोटे घासते, काच घासते, थो फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळूनपिळून धुते. आरशावानी चमकते टाकी. मंग काऊन सडून राहिल्या मासोळ्या?"

शेपटी झिजायला लागल्यावर मुलाने माशांच्या दुकानात फोन करून विचारलं. तिथून मिथिलीन ब्लू, म्हणजे निळं औषध, टाकायला सांगितलं गेलं. टाकी आठवडाभर निळी राहिली, मग धुतली गेली. त्यानंतर कोणीतरी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकायला सांगितल्या. गावातल्या मेडिकलमध्ये त्या मिळाल्या. पाणी पिवळट झालं, फेस आला, परत धुतली गेली. शेजारच्या आजींनी हळद टाकायला लावली. आजींच्या हळदीने निदान नुकसान काही केलं नसावं.

कॅप्सूलबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. टेट्रासायक्लिन पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं. आपल्याकडची विहीर आणि बोअर काळ्या खडकातली. पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. अशा पाण्यात कॅप्सूल फोडली की औषधाचा मोठा भाग माशाच्या अंगी लागण्याआधीच बांधला जातो. जे उरतं ते उजेडात विघटत जातं. जंतू मरण्याइतका जोर उरत नाही, सवय लागण्याइतका मात्र उरतो, आणि ते पाणी शेवटी अंगणातून नालीत जातं. अँटिबायोटिक द्यायचंच असेल तर पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून, बहुधा खाद्यातून, आणि मासा खात असेल तोवरच.

पाणी तपासलं

जलजीवन मिशनमधून गावोगाव पाणी तपासायच्या एफटीके पेट्या आल्या आहेत आणि गावातल्या महिलांना त्या वापरायचं शिकवलं आहे. या गावात ती पेटी अंगणवाडीच्या खोलीत होती. एका ताईंनी ती आणली आणि दुकानाच्या ओट्यावर बसून तपासणी झाली. टाकीच्या पाण्याचा पीएच ८.२ भरला, कडकपणा भरपूर. मग नळाचं पाणी. नळयोजनेच्या विहिरीत पावसाळ्यात टीसीएल, म्हणजे क्लोरिनची ब्लिचिंग पावडर टाकतात, आणि यंदा पाणी गढूळ झाल्याने जरा हात सैल सोडून टाकत होते. ताईंनी क्लोरिन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब सोडले तशी नळी चांगली पिवळी झाली. माणसाच्या पिण्यासाठी नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवं, ते आरोग्यासाठी चांगलंच आहे. माशाच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी क्लोरिनही जाळतं. रविवारी काकू हेच पाणी थेट बादलीने टाकीत ओतत होत्या.

अमोनियाचं किट माझ्याकडचं. टाकीच्या पाण्याचा रंग हिरव्याकडे झुकला, लिटरला २ मिलिग्रॅमच्या खुणेशी जुळला. तो शनिवार होता, म्हणजे आदल्या रविवारच्या धुण्यानंतर आठवडा उलटत आलेला.

अमोनिया येतो कुठून, तर माशातूनच. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून भर पडते. गोल्डफिशला जठर नसतं. तो दिवसभर चरतो आणि दिवसभर घाण करतो. चांगल्या वस्तीच्या टाकीत हा अमोनिया साचत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर, गोट्यांवर, काचेवर जिवाणूंचा एक थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही आटोक्यात राहतं. हा थर नव्या टाकीत बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

या घरात तो कधी बसलाच नाही. जूनपासून दर रविवारी टीसीएलच्या नळाखाली स्पंज पिळला जात होता, गोटे घासले जात होते. मधल्या काळात निळं औषध आलं, तेही हे जिवाणू मारतं. मग अँटिबायोटिक. दर आठवड्याला टाकी पहिल्या दिवसावर परत जायची, आणि मासे मात्र वाढत होते, जास्त खात होते, जास्त अमोनिया सोडत होते.

२ मिलिग्रॅम हा आकडा एकटा बघून उपयोग नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. वाटणी ठरते पीएच आणि उष्णतेवर. पीएच ७ असेल तर २८ अंश तापमानाला शंभरातला एखादा भागही विषारी नसतो. पीएच ८.२ ला तोच १० च्या घरात जातो. म्हणजे या टाकीत लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम विषारी अमोनिया होता, आणि ०.०५ च्या आतही कल्ल्यांना इजा व्हायला सुरुवात होते. पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात चार मासे कसेबसे तग धरतील, तेच आपल्या जड पाण्यात धरणार नाहीत. टाकीत शोभेला टाकलेले शंख-शिंपलेही पीएच वर ढकलतात. ते काढून टाकायला लावले.

आणखी दोन गोष्टी काढल्या. प्लास्टिकच्या झाडांवरून जुन्या ओढणीचा तुकडा फिरवला, तो जागोजागी अडकून त्याचे धागे निघाले. ओढणी अडकते तिथे मूरसारख्या मंद नजरेच्या माशाचा पर फाटणारच, आणि जंतूंना आत जायला ती फट पुरते. झाडं गेली. आणि एअर पंपाशेजारी लावलेली मच्छर अगरबत्ती. डास मारणारी पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं माशांना फार विषारी असतात, आणि पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फिन रॉटचं कारण ती नव्हती, तरी ती जागा तिची नव्हे. घरच्या कपाशीवर फवारणी चालू होती, म्हणून बादलीचंही विचारलं. फवारणीची बादली वेगळी, ती गोठ्यातच राहते, हे ऐकून बरं वाटलं. औषधाचा अंश पाण्यात गेला असता तर शेपट्या झिजायची वाटच बघावी लागली नसती, एका रात्रीत टाकीतले सगळे मासे गेले असते.

कॉमेट कुठे होता

टाकीत तीनच मासे बघून मी चौथ्याबद्दल विचारलं. कॉमेट इतरांच्या मागे धावतो, दाणा खाऊ देत नाही, म्हणून मुलाने जुलैतच त्याला वावरात बैलांच्या पाण्याच्या हौदात सोडलं होतं. काकूंना त्याची काही आशा नव्हती. "थ्या घाणीत काय वाचते थो!"

आम्ही वावरात गेलो. सिमेंटचा हौद, निंबाच्या सावलीत, पाऊणशे बादल्यांहून जास्त पाणी धरणारा, विहिरीच्या मोटरने भरणारा. आतून बोटभर हिरवं शेवाळ. वाकून बघेस्तोवर पाण्यात काही दिसेना, मग शेवाळातून नारिंगी पाठ वर आली. कॉमेट टाकीतल्या भावंडांपेक्षा दीडपट झाला होता. शेपटी अखंड, टोकापर्यंत पारदर्शक.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हीच वाटते. एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आलेले मासे. एक रोज बघितला जातो, औषध घेतो, दर रविवारी नवं पाणी मिळवतो आणि सडतो. दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. हौदाचं पाणी टाकीच्या वीसपटीहून जास्त, त्यात टीसीएल नाही, शेवाळ अमोनिया खाऊन टाकतं, सिमेंटच्या भिंतींवर जिवाणूंचा थर कोणी घासत नाही, आणि बैल पाणी पितात तसं रोज थोडं नवं भरलं जातं. आठवड्याला थोडं पाणी बदला असं जे आपण सांगतो, ते काम तिथे बैल करत होते.

याचा अर्थ मासे हौदात सोडा असा नाही. खंड्या आणि बगळा हौद शोधून काढतातच. वर जाळी टाकायला सांगितली. पोळ्याआधी हौद धुऊन चुना लावायची तिथे रीत आहे. चुन्याने पीएच एकदम चढतो, तेव्हा त्या दोन-चार दिवसांसाठी कॉमेटला ड्रममध्ये ठेवायचं ठरलं. आणि हौद ओसंडून मासा नाल्यात जाता कामा नये. गोल्डफिश बाहेरचा मासा आहे, नदी-तलावात रुजला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या माशांच्या वाट्याचं खातो.

उपचार

पहिलं काम औषध थांबवणं. घरात ठेवलेली उरलेली कॅप्सूल मुलाने स्वतःहून बाहेर काढून दिली.

दुसरं, पाण्याची तजवीज. २०० लिटरचा निळा ड्रम अंगणात सावलीला ठेवला, नळाचं पाणी त्यात भरून रात्रभर एअर पंप चालू. क्लोरिन उडून जातं. पंचायतीने जास्त पावडर टाकलेल्या दिवशी वर हायपोचे, म्हणजे क्लोरिन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे चार-दोन स्फटिक. बोअरचं पाणीही थेट घालायचं नाही, त्यात विरघळलेली हवा कमी आणि वायू भलतेच असतात, तेही रात्रभर ढवळलं गेलं की ठीक.

ओरांडा आणि मूर ४० लिटरच्या प्लास्टिक टबात घेतले, फँटेल टाकीतच राहिला. टब का, तर उपचार तिथे करायचे आणि टाकीत जिवाणूंचा थर निवांत बसू द्यायचा. टबात खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅम. किराणा दुकान असल्याचा हा फायदा, वजनकाटा समोरच होता. नाहीतर लोक चमचे मोजतात आणि खडे मिठाचा चमचा कधीच सारखा भरत नाही. मीठ आधी पाण्यात विरघळवून, संध्याकाळपर्यंत तीन हप्त्यांत सोडलं. मीठ जंतू मारायला नव्हे. पराच्या जखमेतून आत शिरणारं पाणी उपसण्यात माशाची जी शक्ती जाते ती त्याने वाचते, अंगावरचा बुळबुळीत थर वाढतो, आणि नायट्राइट वाढला तर मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

रोज अर्धं पाणी, म्हणजे २० लिटर बदलायचं आणि त्या २० लिटरपुरतंच ४० ग्रॅम मीठ टाकायचं. इथे बरेच जण फसतात. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. दर वेळी पूर्ण माप टाकलं तर आठवड्यात मासा लोणच्याला लागतो. मुलाने हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

टाकीसाठी आमच्या घरच्या जुन्या टाकीतला स्पंज ओल्या पिशवीत नेला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. तयार जिवाणू मिळाल्याने महिन्याचं काम दोन-तीन आठवड्यांवर येतं. अट एकच, ज्या टाकीतून स्पंज आणायचा तिथे आजार नको. काकूंसाठी नियम असा ठरला: स्पंज नळाखाली न्यायचाच नाही, टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. पाणी आठवड्याला तिसरा हिस्सा बदलायचं, तेही नळीने तळातली घाण ओढून घेत. काच पुढून पुसायची, मागची आणि बाजूची हिरवी होऊ द्यायची. हे शेवटचं त्यांना पटायला सगळ्यात जड गेलं. गिऱ्हाईक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो काही खोटा नाही. मी म्हटलं, काकू, गिऱ्हाइकाला समोरची काच दिसते. "हाव, पण मले तं मागची दिसते ना," त्या म्हणाल्या. तरी सोडली हिरवी.

वीज हा वेगळा विषय. पावसाळ्यात गावात लाइट तासन्‌तास जाते. फिल्टर बंद पडला की स्पंजमधले जिवाणू हवेविना गुदमरतात, आणि लाइट आल्यावर तीच सडलेली घाण टाकीत फेकली जाते. चार-पाच तासांहून जास्त लाइट गेली असेल तर स्पंज काढून आधी बादलीत दाबून घ्यायचा. बॅटरीवरचा छोटा एअर पंपही घेतला.

कोण वाचलं

मूर त्याच आठवड्यात गेला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुलाने विचारलं होतं. पराच्या बुंध्याशी लाल रेघा आल्या म्हणजे संसर्ग रक्तात उतरलेला, आणि मासा खात नसल्याने खाद्यातून औषध जायचा मार्ग बंद, असंच तिथेही सांगितलं गेलं. पर कडेने झिजतो आहे तोवर पाण्याने काम भागतं. बुंधा लाल झाला, अंगावर जखम उघडी पडली, की घरचे उपाय पुरत नाहीत. तो टप्पा यायच्या आतच डॉक्टर गाठायला हवा. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारता येतं, पण मासा जिवंत असताना. काकांनी मूर परसात खड्डा करून पुरला, नालीत टाकला नाही.

ओरांडा टबात तिसऱ्या दिवशी दाण्याला आला. पांढरी रेघ आठवड्यात नाहीशी झाली, आणि मग मुलाचा घाबरून फोन: "सर, आता शेपटी काळी पडून राहिली!" फोटोत पराच्या कडेला काजळाची रेघ ओढल्यासारखी दिसत होती, पाठीवरही एक काळा डाग. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशमध्ये असा काळा रंग जमतो. पाणी बिघडलेलं असताना काळं दिसलं तर काळजी करावी. पाणी सुधारल्यावर दिसलं तर ते भरून येण्याचंच लक्षण. त्या दिवशी टबातला अमोनिया शून्य होता. मुलाला काहीही टाकू नको एवढंच सांगितलं. त्याच्या हातून औषध न टाकलं जाणं हाच त्या महिन्यातला सगळ्यात अवघड उपचार होता.

नंतर काळ्या रेघेच्या पुढे पारदर्शक, जवळजवळ न दिसणारी पट्टी वाढायला लागली. नवा पर असाच येतो, रंग मागाहून भरतो. टाकीत मधल्या आठवड्यात नायट्राइट चढला, तेव्हा तिथेही लिटरला १ ग्रॅम मीठ टाकलं आणि खाद्य कमी केलं; पुढे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट दिसायला लागलं. त्यानंतरच ओरांडा टाकीत परतला. त्याच्या शेपटीतली एक काडी वाकडी जुळली आहे, ती तशीच राहील.

खाणं

टाकी दुकानात असण्याचा तोटा असा की येणारा प्रत्येक पोट्टा काहीतरी टाकतो. चिवडा, बिस्किटाचा चुरा, मुरमुरे. काकू सकाळी भाताची शितं टाकायच्या, संध्याकाळी मुलगा दाणे. आता सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटांत संपेल इतकेच दाणे, तेही आधी भिजवून, म्हणजे पोटात जाऊन फुगत नाहीत. आठवड्यात एक दिवस उपास. एखाद दिवशी उकडून साल काढलेला वटाणा. टाकीवर झाकण बसवलं आणि त्यावर दुकानातली वही ठेवली, म्हणजे हात घालायला वहीच उचलावी लागते.

पुढे

दोनच मासे उरले तरी ही टाकी त्यांना लहानच आहे. ओरांडा-फँटेल नीट वाढले तर वीतभर होतात आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतात. दोघांना शंभर लिटरच्या वर पाणी हवं. काका दिवाळीनंतर ३ फुटी टाकी घेऊ म्हणतात, कापूस विकल्यावर. कॉमेट मात्र काचेत परत येणार नाही, त्याला लांब पोहायला लागतं.

उन्हाळ्याची सोय त्याआधीच ठरवून ठेवली. मे महिन्यात इकडे पारा ४५ पर्यंत जातो, दुकानावर टिनाचं छप्पर. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३५ अंशाला ७. माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते, आणि अमोनियाही जास्त विषारी होतो. म्हणून मार्चअखेर टाकी आतल्या कौलारू खोलीत न्यायची, झाकणाऐवजी जाळी, पाण्यावर पंख्याचा झोत, खाद्य निम्मं. बर्फाची बाटली एकदम सोडायची नाही, त्या धक्क्यानेही मासा आजारी पडतो. तेव्हा नळाला दिवसाआड पाणी येतं, तर ड्रम कधी रिकामा ठेवायचा नाही.

मुलाला मूरच्या जागी नवा मासा हवा आहे. मोठी टाकी येऊन तिच्यात जिवाणूंचा थर बसेपर्यंत नाही, असं त्याने आईला कबूल केलंय. आणतानाही एक सांभाळायचं. लांबून आलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया तिथे फारसा बाधत नाही. पिशवी उघडून ठेवली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, उघडल्याबरोबर मासा जाळीने उचलायचा, पिशवीतलं पाणी नालीत. आणि तो टाकीत नव्हे, आधी त्याच ४० लिटरच्या टबात, महिनाभर.